जिम ‘लावून’ तब्येत होत नाही

“डॉक्टर, जिम लावू का?”

मिरजगावच्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा बहुधा पंचविशीच्या आतला मुलगा असतो, नाहीतर नुकतीच शुगर सापडलेला चाळिशीतला गडी. यातला ‘लावू का’ हा शब्द नीट ऐका. आपण दूध लावतो, मेस लावतो, पोरांना क्लास लावतो, तशीच जिमही लावतो. पैसे आपण द्यायचे, पुढचे काम समोरच्याने करायचे. दूधवाला दूध दारात आणून देतो हे खरे. जिमवाला तब्येत दारात आणून देत नाही. तुम्ही तिथे गेला नाहीत तर त्याचे काहीच बिघडत नाही, उलट त्याचे बरेच होते. हे कसे, तेच आज सांगायचे आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. मी व्यायामाच्या विरोधात नाही आणि वजने उचलण्याच्या तर मुळीच नाही. स्नायू बळकट करणे हे औषध आहे आणि आपल्या भागात ते सगळ्यात कमी दिले जाते. माझी तक्रार वेगळी आहे. परदेशातून जिम आणताना आपण तिचा धंदा उचलला आणि तिथला उपयोगाचा भाग तिथेच ठेवून आलो.

बॉस्टनजवळची चकचकीत जिम

मागच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दीड महिना आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत होतो. तो बॉस्टन शहराबाहेर राहतो. पहिल्याच आठवड्यात मला त्याच्या घराजवळच्या एका मोठ्या जिममध्ये घेऊन गेला. हॉल आपल्या बाजार समितीच्या शेडएवढा. ट्रेडमिलच्या रांगाच रांगा, प्रत्येकीसमोर टीव्ही आणि भिंतभर आरसे. संध्याकाळचे सहा वाजलेले, तरी निम्मी यंत्रे रिकामी.

काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. आज फक्त एक डॉलर भरा, पुढे महिन्याला ठराविक रक्कम आपोआप खात्यातून कापली जाईल. मी सही केली. चार मिनिटांत मी मेंबर झालो. रात्री चष्मा लावून कागद वाचला तेव्हा कळले, वर्षातून एकदा देखभालीचे म्हणून वेगळे पैसे आहेत. आणि मेंबरशिप सोडायची असेल तर शाखेत येऊन फॉर्म भरा, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. आत शिरायला चार मिनिटे, बाहेर पडायला पोस्ट ऑफिस!

मुलाला म्हटले, हे काय रे? तो हसला आणि म्हणाला, “बाबा, मी इथे राहायला येऊन अकरा महिने झाले. आधीच्या गावातल्या जिमचे पैसे अजून कापले जातात. पत्र पाठवायचं राहूनच गेलंय.”

मुलगा इंजिनिअर आहे, हिशेबाला पक्का आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच्या बाजूने कायदाही आहे. करार केल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो. पुढे घर जिमपासून २५ मैलांपेक्षा लांब गेले, किंवा डॉक्टरने व्यायामाला मनाई केली, तर मध्येच मोडता येतो. कायदा होता, पत्र लिहायला हात होते, तरी अकरा महिने पैसे गेले. कारण पत्र पाठवणे म्हणजे “मी व्यायाम करत नाही” हे कबूल करणे. ते कोणालाच नको असते. “पुढच्या सोमवारपासून नक्की” असे आपण स्वतःला सांगतो आणि हप्ता भरत राहतो.

धंदा कशावर चालतो?

हे माझ्या मुलापुरते नाही. स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ मेंबरांच्या नोंदी तपासल्या. २००६ साली निबंध छापून आला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे’. महिन्याचा करार घेतलेली माणसे महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरत होती आणि सरासरी ४.३ वेळाच येत होती. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त. तिथेच दहा खेपांचा पास मिळत होता, त्यात एक खेप १० डॉलरला पडली असती. शेवटची खेप आणि करार रद्द करणे यांच्यात सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेला होता.

ही माणसे मूर्ख नव्हती. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होते की आपण रोज जाणार. जिम विकते ते हेच ‘वाटणे’.

स्वस्त जिमचे गणित तर आणखी सरळ असते. अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओने २०१४ साली प्लॅनेट फिटनेस या साखळीचा हिशेब मांडला होता. एका शाखेत सरासरी साडेसहा हजारांच्या आसपास मेंबर, आणि जागा सुमारे तीनशे माणसांची. सगळे एका संध्याकाळी आले तर दार उघडणार नाही. पण सगळे येत नाहीत हे मालकाला पक्के ठाऊक असते. फी कमी ठेवायची, म्हणजे ती बंद करायची आठवणही होत नाही.

आणि एवढ्या जिम असलेल्या त्या देशाची तब्येत कशी आहे? तिथले साधारण ४० टक्के प्रौढ लठ्ठ या गटात मोडतात.

आता आपल्याकडे या. माझ्या एका पेशंटने मला पावती दाखवली. वर्षाचे सहा हजार एकरकमी, खाली बारीक अक्षरात ‘भरलेली फी परत मिळणार नाही’. कांद्याची पट्टी आली त्या आठवड्यात त्याने भरले. तो गेला किती दिवस? मोजून चाळीस. म्हणजे दिवसाला दीडशे रुपये. मग ऊस, मग लग्नसराई, मग गुडघा दुखला. दोष कोणाचा म्हणालात तर तो म्हणतो, “माझाच, मीच आळशी.” पैसे गेले ते गेले, वर अपराधीपणा आला आणि “व्यायाम आपल्याला जमत नाही” ही समजूत कायमची बसली. डॉक्टर म्हणून मला सहा हजारांपेक्षा या समजुतीचा जास्त राग येतो.

दुसरा हॉल

त्याच मुक्कामात मी आणखी एक जागा पाहिली. मुलाच्या शेजारच्या आजी, वय ७८, पोस्टातून रिटायर झालेल्या. त्या मला वायएमसीएत घेऊन गेल्या. ही संस्था नफ्यासाठी नाही. अमेरिकेतली तिची पहिली शाखा बॉस्टनमध्येच १८५१ साली निघाली आणि बास्केटबॉल हा खेळ तिच्याच स्प्रिंगफिल्डच्या शिक्षण केंद्रात १८९१ साली जन्मला. ज्यांची मिळकत कमी, त्यांना तिथे फीत सवलत मिळते.

हॉल जुना, आरसे थोडे. सकाळी दहाच्या वर्गात वीसेक माणसे होती, बहुतेक साठीच्या पुढची आणि निम्म्याहून जास्त बायका. एक गृहस्थ काठी टेकत आले, काठी भिंतीला लावली आणि खुर्चीतून उठ-बस करू लागले. एक बाई एका पायावर उभ्या, बोट खुर्चीच्या पाठीवर. आमच्या शेजारच्या आजींनी दोन्ही हातांत पाच-पाच किलोची डंबेल्स घेतली आणि शांतपणे उचलली. मी विचारले, या वयात कशाला? त्या म्हणाल्या, “संडासातून माझी मला उठता यावं म्हणून.”

तिथे कोणी फोटो काढत नव्हते आणि दंडावर टेप लावून मोजत नव्हते.

या आजींच्या उत्तराला भक्कम पुरावा आहे आणि योगायोगाने तोही बॉस्टनचाच. १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वृद्धाश्रमातली दहा माणसे, सरासरी वय ९०. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला, आणि तोही हलकाफुलका नव्हे. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीत!

एकाच देशातले हे दोन अभ्यास शेजारी ठेवा. एक सांगतो, जिमचा धंदा न येणाऱ्यांवर चालतो. दुसरा सांगतो, वजन उचलणे नव्वदीतल्या माणसालाही उभे करते. वजनात गुण आहे, पण धंद्याला त्या गुणाशी कर्तव्य नाही.

आपण काय उचलले?

आपल्याला परदेशी व्यायामाचे वेड आजचे नाही. तुमच्या अंगातल्या बनियनला ‘सँडो’ का म्हणतात? युजेन सँडो नावाचा एक पैलवान होता. त्याने १८९७ मध्ये लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली, पोस्टाने व्यायामाची साधने विकली आणि १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात प्रयोगही करून गेला. शरीर दाखवून सामान विकायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

पण त्या काळात आपणही नुसते घेत नव्हतो. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्यांचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ आणि व्यायाम दाखवून आला. गावोगाव तालमी होत्या. आपल्या कर्जतला २०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसे गेली.

तरीही “पूर्वीचे सगळे चांगले” असे मी म्हणणार नाही. तालीम तरण्या पोरांचीच होती. बाईला तिच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती आणि म्हाताऱ्याला कट्ट्यावर बसून बघण्यापुरतीच होती. आज तालमीच्या जागी जिम आली, पण जागा पुन्हा तरण्या पोरांचीच. फरक इतकाच की तालमीत वस्ताद होता, तो “आज पुरे” म्हणायचा. आता त्या जागी पावतीपुस्तक आणि पावडरचा डबा आहे.

पावडरबद्दल दोन शब्द. २०२४ साली भारतातल्या संशोधकांनी बाजारातल्या ३६ लोकप्रिय प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता आणि काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली. काही डब्यांत बुरशीचे विषही सापडले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार साध्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. नेटाने वजने उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम पुष्कळ झाली. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट वरणात ६-७ आणि ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. शेंगदाणा आपल्या घरात आहे. (किडनीचा त्रास असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.)

आणि मग येते इंजेक्शन. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. एक तरुण आला, नुकतेच लग्न झालेला. दंड असे की शर्टाची बाही उसवेल. तक्रार अशी की मूल राहत नाही. तपासणीत वीर्यात शुक्रजंतू शून्य, अंडकोष आक्रसलेले. खोदून विचारले तेव्हा कळले, ‘सर’ आठ महिने इंजेक्शन देत होते. ते टेस्टोस्टेरॉन होते. बाहेरून हार्मोन भरपूर आले की मेंदू अंडकोषांना सांगतो, तुमचे काम बंद. कारखाना बंद पडतो. इंजेक्शन थांबवल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते आणि काहींचा पूर्वपदावर येतच नाही. शिवाय चांगले कोलेस्टेरॉल घटते, वाईट वाढते, हृदयाचा स्नायू जाड होतो, छाती बाईसारखी वाढते, आणि बंद केल्यावर मन खचते. दुसरे एक इंजेक्शन ‘दम वाढवायला’ म्हणून फिरते, मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचे बीपी पडले तर ते चढवायला भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. ते घेऊन तुम्ही वजन उचलायला जाता, म्हणजे आधीच वेगाने पळणाऱ्या हृदयाला चाबूक मारता.

जिमच्या कोणत्याही माणसाने, कितीही प्रेमाने, सुई पुढे केली तर त्या दिवशीच ती जिम सोडा. फी बुडू द्या.

एकाच घरातले दोघे

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. इथेही तपशील बदलले आहेत.

आसपासच्याच एका वस्तीवरच्या आजी, वय ६८. सात वर्षे माझ्याकडे बीपीला येत. अमेरिकेहून परतलो त्याच महिन्यात त्या पहाटे न्हाणीत पडल्या आणि खुबा मोडला. नगरला ऑपरेशन झाले. त्यांना उचलून गाडीत ठेवले ते त्यांच्या नातवाने, एकट्याने. नातू जिमला जातो. त्याच्या खोलीत डंबेल्स आहेत, पावडरचा डबा आहे, भिंतीला आरसा आहे.

मी घरी बघायला गेलो तेव्हा आजींची मांडी पाहिली. माझ्या दोन हातांच्या बोटांत मावली असती. ती ऑपरेशनने तशी झाली नव्हती, दहा-पंधरा वर्षांत हळूहळू झाली होती. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातला स्नायू काही टक्क्यांनी घटतो, साठीनंतर आणखी वेगाने. मांडीत जोर नाही, तोल सावरत नाही, मग ओल्या फरशीचे निमित्त पुरते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातले एक माणूस वर्षभरात जाते. राहिलेल्यांतले कित्येक पुन्हा स्वतःच्या पायाने गावात जात नाहीत.

घरची मंडळी म्हणाली, “वय झालं, डॉक्टर.” वय झाले हे खरे. पण बॉस्टनच्या त्या आजी दहा वर्षांनी मोठ्या होत्या.

नातवाला मी विचारले, आजीला कधी खुर्चीतून उठ-बस करायला लावलीस का? तो बिचारा गोंधळला. आजीचा आणि जिमचा काही संबंध असतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि कोणी सांगायला हवे होते? मी. सात वर्षे मी त्यांना बीपीची गोळी दिली, कॅल्शियम दिले, मीठ कमी करा म्हणालो. “आजी, हात न टेकता उठून दाखवा” असे एकदाही म्हणालो नाही. एका मिनिटाची तपासणी होती ती. तेव्हा या लेखातला राग जिमवाल्यांवर आहे तसा आम्हा डॉक्टरांवरही आहे.

त्या घरात व्यायामावर पैसे खर्च होत होते, पण ज्या शरीराला त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्यावर एक रुपयाही नाही.

“रानात राबतो की आम्ही!”

हे मला रोज ऐकू येते, म्हणून याचे उत्तर देतो. चालते-फिरते काम हृदयाला चांगले, यात शंका नाही. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयरोग कमी होता. पण आज स्वतःचे काम तपासून पाहा. नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटार मोबाईलवरून सुरू होते, अर्ध्या किलोमीटरवरच्या रानात आपण मोटारसायकलने जातो. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या आकड्यांनुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७.

बायकांचे खुरपणे, वेचणी, धुणे-भांडी हे कष्टच आहेत, पण एकाच ठेवणीतले. कंबर आणि गुडघे झिजतात, मांडीचा जोर आणि तोल त्यातून वाढतोच असे नाही. आणि साठीला सून आली, रान सुटले, की तेही थांबते. कष्टाने शरीर थकते. व्यायामात वजन थोडे-थोडे वाढवत न्यायचे असते, मध्ये विश्रांती असते, म्हणून शरीर बळकट होते.

मग करायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सोप्या आहेत. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आणि पासष्टीच्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. यासाठी घरात पुढील पाच गोष्टी पुरतात:

१. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

२. भिंतीला हात टेकून दंड, दहा वेळा. जमू लागले की ओट्याला, मग पलंगाला टेकून.

३. धान्याची दोन-तीन किलोची पिशवी पाटावरून उचलून उभे राहणे, दहा वेळा. पाठ ताठ, गुडघे वाकवून.

४. चौकट धरून टाचा उचलणे, पंधरा वेळा.

५. भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, दहा सेकंद, दोन्ही पायांवर. सुरुवातीला घरचे कोणीतरी जवळ असू द्या.

सगळे मिळून पंधरा मिनिटे. एखादी गोष्ट बारा वेळा सहज होऊ लागली की वजन थोडे वाढवा. खरा मंत्र हाच आहे. जोर लावताना श्वास कोंडू नका.

बीपी खूप चढलेले असेल, चालताना छातीत दाटते, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे किंवा इन्सुलिन चालू आहे, तर आधी डॉक्टरांना भेटा. व्यायाम करताना छातीत दुखले, डावा हात किंवा जबडा जड झाला, दरदरून घाम सुटला, तर “गॅस असेल” म्हणत बसू नका. थांबा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

तरीही जिमला जायचेच असेल तर जरूर जा. पण एकच महिन्याचे पैसे भरा. महिन्यात बारा दिवस गेलात तरच पुढचा महिना. वर्षाच्या सवलतीला भुलू नका, ती सवलत तुमच्या न येण्याची आगाऊ किंमत असते. जाण्यापूर्वी मालकाला एक प्रश्न विचारा: “माझ्या साठ वर्षांच्या आईला आणलं तर काय शिकवाल?” ज्याला उत्तर येते, तो व्यायाम शिकवतो. जो हसतो, तो दंड विकतो. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

आणि गावाने?

पहाटे पाचला नगर-सोलापूर रोडने जाऊन पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी ट्रकच्या दिव्यांत, साइडपट्टीवरून पळताना दिसतील. त्यांना जिम नको आहे, सुरक्षित मैदान हवे आहे. अमेरिकेत मला सगळ्यात हेवा वाटला तो यंत्रांचा नव्हे, फुटपाथचा आणि संध्याकाळी उघड्या असलेल्या मैदानांचा. म्हातारी जोडपी सात वाजता बिनधास्त चालत होती. आपल्याकडे बाईने संध्याकाळी चालायचे कुठे? हमरस्त्याच्या कडेने?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा. शाळेचे मैदान पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यांना उघडे, आणि त्यावर चार दिवे. ‘ओपन जिम’ मागू नका असे नाही, पण त्यातल्या बहुतेक यंत्रांवर वजन वाढवता येत नाही आणि ग्रीस करायला कोणी नसले की ती गंजतात. दिव्याखालचे मोकळे मैदान आणि आठवड्यातून दोनदा खुर्च्या मांडून घेतलेला म्हाताऱ्यांचा वर्ग, याला फार पैसे लागत नाहीत. वर्ग सुरू झाला तर पहिले काही महिने मी स्वतः येईन, शिकवायला आणि करायलाही. माझेही वय झाले आहे.

ज्या आजींचे सांगितले, त्या आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. आठवड्यातून तीन दिवस नातू त्यांच्यासमोर खुर्ची ठेवतो, दोन्ही हात पुढे करतो आणि मोजतो. परवा सहापर्यंत गेल्या म्हणाला. त्याच्या जिमचा हप्ता संपला आहे, पुढचा भरायचा की नाही हे अजून ठरलेले नाही. मी त्याला म्हटले, भर की. पण आजी दहावर गेली की मग.

आज रात्री जेवणानंतर तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर एक खुर्ची ठेवा. हात न टेकता उठता येते का, एवढेच पाहा. न जमल्यास त्यांना घेऊन या. ही तपासणी माझ्याकडे फुकट आहे.